समभागाची नोंद आणि लेखकाचा धर्म

नागपूरच्या सक्करदऱ्याच्या वस्तीत दोन भाड्याच्या खोल्या घेऊन चार तरुण कंपनी काढतात, आणि कोणाचे भागभांडवल किती, नव्याने रुजू झालेल्यास किती समभाग देण्याचे कबूल केले, ह्या सर्वांचे दफ्तर सांभाळण्यासाठी शेकडो कोसांवर बसलेला, तासाच्या हिशेबाने मेहनताना घेणारा एखादा व्हर्च्युअल असिस्टंट नेमतात. नेमणुकीत गैर असे काही नाही; भोसल्यांच्या राज्यातही लेखणी राजाच्या हाती नसे, चिटणवीसाच्या हाती असे, आणि नागपुरातल्या चिटणवीसपुऱ्याने ते पद आजही आपल्या नावात जपले आहे. मला पडलेला प्रश्न सोयीचा नाही, धर्माचा आहे: एकाच्या स्वत्वाची, म्हणजे मालकीहक्काची, नोंद दुसऱ्याने तिसऱ्याच्या हाती सोपविली, तर त्या नोंदीतील पापपुण्याचा धनी कोण?

याज्ञवल्क्याने व्यवहारात तीन मानुष प्रमाणे सांगितली आहेत: लेख, भुक्ती आणि साक्षी. शेताच्या वादात तिन्ही हाताशी असतात. दस्तऐवज गहाळ झाला तरी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट बोलते, आणि बांधावरचा शेजारी साक्षीला उभा राहतो. समभागाला मात्र बांध नाही, वहिवाट नाही. नवजात कंपनी बहुधा लाभांशही वाटीत नाही, म्हणून उपभोगाचा पुरावा निर्माण होत नाही. आणि साक्षी म्हणावे तर कराराच्या वेळी हजर असलेले दोघेतिघे, ज्यांचे हितसंबंध पुढे विरुद्धही जाऊ शकतात. म्हणजे तीन खांबांपैकी एक मुळातच नाही, दुसरा डळमळीत आहे, आणि सारा भार एकट्या लेखावर आला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील आपल्या मिताक्षरेत विज्ञानेश्वराने स्वत्व हे लौकिक, लोकव्यवहाराने सिद्ध होणारे, असे प्रतिपादिले; तो सिद्धान्त स्वीकारला, तर जिथे लोकव्यवहाराला ओळखीची दुसरी खूणच उरलेली नाही, तिथे लेखातील चूक ही स्वत्वावरच घाव घालते.

हा घाव किती बारीक असू शकतो ते पाहावे. समजा, एका मुलीला 8 मे 2024 रोजी पुढे समभाग घेण्याचा हक्क, ज्याला व्यवहारात ईसॉप म्हणतात, तो दिला गेला. दिल्यापासून तो हक्क पक्का होईपर्यंत निदान एक वर्ष लोटावे असा नियम आहे. साहाय्यकाला अमेरिकी गिऱ्हाइकांच्या रीतीने आधी महिना लिहिण्याची सवय. त्याने 08/05 ही तारीख 5 ऑगस्ट म्हणून वाचली आणि कॅप टेबलच्या, म्हणजे कोणाकडे किती समभाग हे दाखविणाऱ्या तक्त्याच्या, रकान्यात तशीच चढविली. पुढच्या वर्षीच्या जुलैत मुलीने राजीनामा दिला, तेव्हा दफ्तराप्रमाणे तिचे वर्ष पुरे झालेलेच नव्हते. ह्यात कोणी चोर नाही, कोणाची नियत वाईट नाही, आणि तरीही तिचे कष्टार्जित तिच्या हातून गेले.

इथे कोणी वैराग्याचा दाखला देईल. ह्याच सक्करदऱ्याच्या वाड्यात राजे रघूजीराव भोसल्यांनी 1908 साली ताजुद्दीनबाबांना मनोरुग्णालयातून आणून ठेवले. राजवैभवात राहूनही ज्यांना स्वतःचे असे काही नको होते, अशा सत्पुरुषाच्या भूमीत समभागाच्या रकान्यांचा एवढा सोस कशाला? ह्या आक्षेपात खोल गफलत आहे असे मला वाटते. अपरिग्रह हे व्रत स्वतःच्या वाट्यावर चालते. दुसऱ्याच्या वाट्याविषयी बेफिकीर राहण्याची मुभा ते कोणालाही देत नाही. जो आपले सोडतो तो साधू, आणि जो दुसऱ्याची ठेव निष्काळजीपणे सुटू देतो तो, कितीही निर्लोभी असला तरी, अमानतीत खयानत करणाराच.

मग धनी कोण? करणारा, करविणारा, प्रेरणा देणारा आणि अनुमोदन देणारा हे चौघेही कर्मफलाचे समभागी, असे आपली परंपरा मानते. म्हणजे काम सोपविल्याने जबाबदारी हलत नाही, तिचे वाटेकरी तेवढे वाढतात. कायद्याची दृष्टीही फारशी निराळी नाही. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 88 अन्वये सभासदांची नोंदवही ठेवण्याचे दायित्व कंपनीवर आहे, आणि त्याखालील 2014 च्या नियमांप्रमाणे तीतील नोंदी कंपनी सेक्रेटरीने, अथवा संचालक मंडळाने अधिकार दिलेल्या व्यक्तीने, तो अधिकार देणाऱ्या ठरावाची तारीख नमूद करून प्रमाणित करावयाच्या आहेत. दूरच्या साहाय्यकाने रकाने खुशाल भरावेत. पण रकान्यातील तारीख हक्क देणाऱ्या मूळ ठरावाशी ताडून पाहणारा डोळा आणि खाली सही करणारा हात सक्करदऱ्याच्या त्या दोन खोल्यांतलाच असला पाहिजे, आणि ज्याच्या नावे नोंद झाली त्याला ती दाखविली गेली पाहिजे.

तथापि लेखकालाही ह्यातून वगळू नये. ऋणपत्राच्या शेवटी लेखकाने आपले व आपल्या पित्याचे नाव घालून, उभय पक्षांच्या विनंतीवरून हे मी लिहिले, असे नमूद करावे, अशी याज्ञवल्क्याची आज्ञा आहे, आणि आपल्या जुन्या दस्तांतही लिहिणाऱ्याचे नाव ‘बिकलम’ म्हणून येत असे. आजचा साहाय्यक मात्र अनामिक. आज हा, उद्या दुसरा, आणि दोघांचाही पासवर्ड एकच. त्याची चूक त्याच्या नावावर चढत नाही, तसे त्याचे चोख कामही चढत नाही. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी केली हे लिहिण्याचा एक रकाना वाढविण्यास खर्च काहीच नाही, आणि तो त्या दूरस्थ माणसाचा हक्कच आहे.