गणवेश उतरला तरी अमानत उरते

मुकुंदवाडीसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत एखाद्या घरचा मुलगा फौजेत भरती झाला, की त्याच्या वेतनावर बहिणीचा विवाह, धाकट्याचे शिक्षण आणि आईचे औषध अवलंबून राहते. असा एखादा जवान रजेवर आला, मित्रांच्या आग्रहाने मद्य प्याला आणि जालना रोडवर पोलिसांच्या तपासणीत सापडला, असे समजू. घरातील माणसे म्हणतील, “तो कर्तव्यावर नव्हता, अंगावर गणवेश नव्हता, कुणाला इजाही झाली नाही. मग एका रात्रीपायी इतक्या वर्षांची सेवा का धोक्यात यावी?” “मद्य हराम आहे” एवढे सांगून हा प्रश्न मिटत नाही.

कायद्याची स्थिती आधी पाहू. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे सर्वांनाच लागू आहे. सैनिकाला मात्र दुसरा कायदाही बांधतो. सैन्य अधिनियम, 1950 चे कलम 48 नशेत आढळणे हाच अपराध मानते, मग तो कर्तव्यावर असो वा नसो. अधिकाऱ्याला मानहानीसह बडतर्फ करता येते. जवानाला 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो कर्तव्यावर नसेल तर ती 6 महिन्यांहून अधिक नसते. नोकरी लगेच जातेच असे नाही. अनेकदा सेवापुस्तकात लाल शाईची नोंद होते आणि अशा चार नोंदी झाल्या की सेवामुक्तीची टांगती तलवार असते. केवळ नोंदी मोजून जवानाला काढता येणार नाही, चौकशी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु बडतर्फी झाली तर निवृत्तिवेतनाचा हक्क सामान्यतः संपतो.

रजेवरच्या माणसाला एवढे बंधन का? कारण त्याच्या हाती दिलेली गोष्ट रजेच्या काळात परत घेतलेली नसते. इस्लाम तिला अमानत म्हणतो. प्रत्येक जण आपल्या ताब्यातील माणसांविषयी जबाबदार आहे आणि त्याला त्याचा जाब द्यावा लागेल, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जाणतो. लष्कराचा कायदा येथे श्रद्धावंताला परका वाटू नये.

एक विसंगती मात्र सांगितली पाहिजे. सैनिकी कॅन्टीनमध्ये मद्य सवलतीच्या दरात मिळते आणि तीच व्यवस्था नशेला शिक्षा करते. स्वतः न पिणारा जवानही आपल्या वाट्याची बाटली गावाकडच्या कुणाला ‘भेट’ म्हणून नेतो आणि “मी तर थेंबही घेत नाही” असे समाधान मानतो. प्रेषितांनी (स.) मद्याच्या बाबतीत पिणाऱ्याबरोबर ते वाहून नेणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही दोषी ठरविले आहे. ती बाटली पिऊन कुणी वाहन चालविले, तर भेट देणारा त्यातून अलिप्त कसा राहील?

“नशेत होतो, भान नव्हते” हा बचाव शरीअत आणि न्यायालय दोन्हीकडे दुबळा ठरतो. 12 नोव्हेंबर 2006 रोजी मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मृत्युमुखी पडले. अ‍ॅलिस्टर परेरा खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सदोष मनुष्यवधाची 3 वर्षांची शिक्षा कायम केली. मद्य पिऊन वाहन हाती घेणाऱ्याला परिणामांची जाणीव असते, असे त्यात गृहीत धरले गेले. भान गेले ते नंतर; पेला उचलताना ते शाबूत होते. जवानाच्या हातून असे घडले आणि बळी सामान्य नागरिक असला, तर शांतताकाळात सदोष मनुष्यवधाचा हा खटला लष्करी नव्हे, तर सर्वसाधारण फौजदारी न्यायालयात चालतो.

सूरह निसा तर निव्वळ चुकीने घडलेल्या हत्येसाठीही कफ्फारा आणि मृताच्या वारसांसाठी दियत सांगते. ज्याने कुणाचे वाईट चिंतिले नव्हते त्यालाही हे चुकत नाही. मग ज्याने जाणून पेला उचलला त्याचे काय? मद्यपानाचे पाप अल्लाह व बंदा यांच्यातले आहे, खऱ्या तौबाने ते माफ होऊ शकते. रस्त्यावर गेलेला जीव मात्र हुकूकुल इबादमध्ये येतो. कैद भोगली, नोकरी गमावली, तरी त्या विधवेचा हक्क शिल्लकच असतो.

आता उरते शिक्षा झालेल्याचे कुटुंब. निवृत्तिवेतन गेले की झळ पत्नी-मुलांना बसते. ही कठोरता कायद्यात आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण कुणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनचे तत्त्व निदान मोहल्ल्याने तरी पाळावे. त्या मुलांना शाळेत, मशिदीत टोमणे ऐकावे लागू नयेत. आणि त्या माणसाचे काय? मद्यपानासाठी वारंवार शिक्षा झालेल्या एका व्यक्तीला लोकांनी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना रोखले आणि सांगितले की, तो अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो. शिक्षा मात्र त्याला झालीच होती.