उरणे आणि जगणे

सज्जनहो, एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. एखादा जीव देहाने राहिला, पण त्याचे सोयरे आणि त्याचे ठिकाण दोन्ही गेले, तर तो जगला म्हणावे की नुसता उरला?

दृष्टांत दूरचा आहे. पॅसिफिक महासागरातील हवाई द्वीपसमूहात काउआई आणि नीहाउ ही बेटे आहेत. तेथे समुद्रावर तुटलेल्या उभ्या कड्यांच्या कपारीत ‘ओलुलू’ नावाचे झाड होत असे. शास्त्रात त्याला ब्रिगॅमिया इन्सिग्निस म्हणतात. बुंधा तळाशी फुगीर, माथ्यावर कोबीच्या गड्ड्यासारखा पानांचा झुबका आणि फिकट पिवळी, लांब नळीची सुवासिक फुले. लांब सोंडेचा कोणी निशाचर पतंग या फुलांचा पराग झाडोझाडी नेत असावा, असे अभ्यासक मानतात. पुढे तो पाहुणा येईनासा झाला. फूल उमले, वास सुटे आणि बी न धरताच फूल गळून पडे.

मग माणसे दोर बांधून कड्यावरून उतरली. १९७० च्या दशकापासून स्टीव्ह पर्लमन यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पतंगाचे काम स्वतः केले. हाताने फुलाफुलांना पराग लावला, बी गोळा केले. १९९२ साली इनिकी वादळाने मोठा तडाखा दिला. २०१४ साली रानात एकच झाड उरल्याची नोंद झाली. उद्यानांत मात्र ते पुष्कळ आहे. युरोपात कुंडीत लावून विकतातही.

येथे शंका येईल, की आले ते जाणारच, मग हा खटाटोप कशाला? समाधान असे, की जाणे वेगळे आणि घालवणे वेगळे. १७७८ साली कॅप्टन कुकने नीहाउवर शेळ्या सोडल्या. माणसाने आणलेल्या जनावरांनी आणि परक्या तणांनी पुढे त्या बेटांचे रान खाल्ले, झाकले. शेळीला दोष नाही, तिला भूक होती. ज्याने वाट मोडली त्यानेच ती पुन्हा बांधणे, याला उपकार म्हणत नाहीत. ते ऋण फेडणे आहे.

दुसरी शंका अधिक अवघड. कुंडीत झाड सुखरूप आहे, मग काळजी कसली? घरातल्या वृद्धाला जेवण आणि औषध वेळेवर मिळते, पण दिवसभर त्याच्याशी कोणी बोलत नाही. आपण म्हणतो, सांभाळले. तो म्हणतो, ठेवले. अन्नपाण्याने देह उरतो. जगणे मात्र नात्यांवर चालते. पतंगावाचून, कड्यावाचून, समुद्राच्या वाऱ्यावाचून ओलुलू अर्धेच आहे.

म्हणून कुंडी व्यर्थ का? मुळीच नाही. ती ठेव आहे. मात्र ठेव सांभाळणाऱ्याने मालक होऊ नये. ती परत करायची आहे, हे विसरू नये. दोराला लोंबकळून पराग लावणाऱ्याला त्या बीचे झाड कड्यावर पाहायला मिळेलच असे नाही. तरी तो उतरला. फळाची आशा न धरता केलेली सेवा याहून वेगळी काय असते?

तेव्हा वाचकहो, आपण ज्यांना सांभाळले म्हणतो, त्यांच्याकडे एकदा पाहावे. ते जगत आहेत, की नुसते उरले आहेत?