परक्या गावचा विद्यार्थी



आपल्या धर्मग्रामातील मुले-मुली शिक्षणासाठी परदेशी निघाली की आशीर्वादासाठी येतात. आईबाबांच्या डोळ्यांत अभिमान असतो. पण परत जाताना एखादी आई दाराशी थांबून हळूच विचारते, "फादर, तिथे त्याचं कसं होईल? इथे तर तो चारचौघांत तोंड उघडत नाही." अशा वेळी आम्हांला पॅरिसमधला एक विद्यार्थी आठवतो.

त्याचे नाव इग्नेशियस लोयोला. लढाईत पाय जायबंदी झालेला हा सरदारपुत्र तिशी उलटल्यावर बार्सिलोनात लहान मुलांबरोबर लॅटिन शिकला. मायदेशी, स्पेनमध्ये त्याने लोकांना उपदेश केला, काही साथीदारही जमवले. पण त्याच्यावर संशय घेतला गेला, तुरुंगवास घडला आणि ते साथीदारही पुढे पांगले. १५२८ साली तो पॅरिसला पोहोचला, तो एकटाच.

तिथे तर पहिल्याच घासाला खडा लागला. सांभाळायला दिलेले पैसे खोलीतल्या एका देशबांधवाने उडवले. इग्नेशियसला धर्मशाळेत राहून भीक मागावी लागली. पुढे तोच मनुष्य रूआँ शहरी आजारी पडल्याचे कळले, तेव्हा इग्नेशियस तीन दिवस अनवाणी, उपाशी चालत त्याच्याकडे गेला. त्याला धीर दिला आणि मायदेशी जाण्याची सोय करून दिली. बंधु-भगिनींनो, नेतृत्वाची खरी परीक्षा इथे झाली. ना व्यासपीठ, ना टाळ्या.

१५२९ साली संत बार्बरा महाविद्यालयात त्याला दोन खोलीसोबती मिळाले. दोघेही वयाने कितीतरी लहान. पीटर फेबर हा सॅवॉयचा मेंढपाळ मुलगा. त्याने इग्नेशियसला ॲरिस्टॉटल शिकवला आणि इग्नेशियसने त्याच्या अस्वस्थ मनाला शांती दिली. दुसरा होता महत्त्वाकांक्षी फ्रान्सिस झेवियर. तो लवकर बधला नाही. इग्नेशियसने त्याच्याशी वाद घातला नाही. तो अडचणीत त्याला पैशांची मदत करत राहिला आणि वाट पाहत राहिला. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी परमेश्वराला वचन दिले. त्या दिवशी कोणी पुढारी निवडला गेला नाही. १५४१ साली येशूसंघाचे प्रमुखपद चालून आले, तेव्हाही इग्नेशियसने आधी नकारच दिला. आणि तो न बधणारा झेवियर? तो १५४२ साली गोव्यात उतरला आणि पुढे आपल्या वसईतही येऊन गेला. एका खोलीतली मैत्री किती दूर पोहोचली!

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. माणसाने स्वतःला ओळखावे, ही ग्रीकांची शिकवण आम्ही परीक्षेत पानभर लिहिली. पण आरशासमोर बसून कोणी स्वतःला ओळखत नाही, हे फार उशिरा उमगले. शेजाऱ्याची गरज समोर उभी राहते, तेव्हाच आपल्यात काय दडले आहे ते कळते. घरी ही गरज आई, काका, शेजारी भागवतात. परक्या गावी मात्र तापाने फणफणलेल्या सोबत्याला पेज करून द्यायला आपणच असतो.

इथे आमचीही चूक आम्हांला कबूल केली पाहिजे. कार्यक्रम असला की आम्ही माईकवर धीटपणे बोलणारी तीच ती मुले पुढे करतो. मिस्सा संपल्यावर मुकाट्याने बाके सरळ करणारा मुलगा आमच्या नजरेतून सुटतो. जो मोठा होऊ इच्छितो त्याने सर्वांचा सेवक व्हावे, असे प्रभू येशूने शिष्यांना शिकवले. मार्कच्या शुभवर्तमानाचा हा दहावा अध्याय आम्ही वेदीवरून वाचतो, पण पुढारी निवडताना तो विसरतो.

म्हणून त्या आईला आमचे उत्तर असे आहे: बाई, तो बोलत नाही याची चिंता करू नका. तो दुसऱ्याकडे पाहतो का, एवढेच पाहा. या रविवारी परदेशातल्या मुलांना फोन कराल तेव्हा मार्क किती पडले हे जरूर विचारा; पण त्याआधी विचारा, "तुझ्या खोलीत सोबत कोण राहतं? तो बरा आहे ना?"

परमेश्वर आपल्या दूर गेलेल्या लेकरांना सांभाळो आणि त्यांच्या हातून इतरांना सांभाळो. आमेन.

प्रभूमध्ये तुमचे,
धर्मगुरू