खूण, प्रसाद आणि खरेदी

प्रवासात आठवण म्हणून विकत घेतलेल्या वस्तूला मराठीत नेमका शब्द नाही, ही केवळ कोशकारांची अडचण नव्हे. ‘स्मृतिचिन्ह’ हा शब्द सत्कारसमारंभांनी कधीच ताब्यात घेतला आहे. शाल आणि श्रीफळ ह्यांच्या मागोमाग ते दिले जाते, कोणी विकत घेत नाही. ‘स्मरणिका’ छापली जाते. ‘भेटवस्तू’ म्हटले की देणारा आणि घेणारा अशा दोन व्यक्ती गृहीत धराव्या लागतात. परगावी गेलेल्या माणसाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्याच आठवणीसाठी एखादी वस्तू घ्यावी, ह्या व्यवहाराला भाषेने नाव दिले नाही. आपल्याकडे यात्रा होत्या आणि यात्रेतली खरेदीही होती. पण त्या खरेदीच्या पोटात जी नीती होती, ती ह्या नव्या व्यवहाराला लागू पडत नाही. ती का पडत नाही, आणि पडत नसेल तर दुसरी कोणती नीती लागू पडावी, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

प्रश्नाची धार जेथे सर्वांत तीक्ष्ण होते अशी एक जागा वर्ध्याजवळ आहे. वर्ध्याला लागूनच असलेल्या पिपरी (मेघे)सारख्या वस्तीत कोणाकडे पुण्यामुंबईचे किंवा परदेशातले पाहुणे आले, की त्यांना ‘सेवाग्राम दाखवून आणणे’ हे यजमानाचे कर्तव्य ठरते. यजमान स्वतः तेथे पाहुण्यांविना क्वचितच जातो. दुसरीकडे यात्रा कंपनीची बस येते: सेवाग्राम, पवनारचा आश्रम, गीताई मंदिर आणि जमल्यास मगन संग्रहालय, असा दिवसाचा कार्यक्रम, आणि त्यात खरेदीसाठी राखून ठेवलेला अर्धा तास. मार्गदर्शक बापू कुटीपुढे जे सांगायचे ते सांगतो आणि मग मंडळींना विक्रीकेंद्राकडे नेतो. खादी, पुस्तके, लहानसा चरखा. एकादश व्रतांत अपरिग्रहाची गणना ज्या ठिकाणी रोज होत असे, त्या ठिकाणाची आठवण म्हणून घरातल्या परिग्रहात आणखी एका वस्तूची भर पडते.

ह्या विसंगतीवर बोट ठेवून उपहास करणे सोपे आहे आणि तो पुष्कळदा केलाही जातो. पण हा उपहास गांधींच्याच चरित्रापुढे टिकत नाही. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून हरिजन-दौऱ्यावर निघालेल्या गांधींनी त्या प्रवासात मिळालेल्या मानपत्रांचे आणि भेटींचे सभेतच लिलाव केले. स्त्रियांच्या अंगावरचे दागिने मागून घेतले. स्वाक्षरीसाठी पाच रुपये आकारले. स्वाक्षरी ही आठवणीच्या वस्तूंमधली सर्वांत निर्भेळ जात: तिचा उपयोग काही नाही, तिच्यात केवळ भेटीचा पुरावा आहे. गांधींना तिचे बाजारमूल्य पक्के ठाऊक होते आणि ते वसूल करण्यात त्यांना संकोच वाटत नव्हता. तेव्हा आठवण विकणे हेच पाप, ही भूमिका घेता येत नाही. भेद असलाच तर तो विक्रीत नसून विकत घेणाऱ्याचे पुढे काय होते, ह्यात शोधावा लागेल.

परंपरेत ह्या वस्तूचे दोन पूर्वज सापडतात. पहिला म्हणजे खूण. रामाची अंगठी घेऊन हनुमान लंकेला जातो आणि सीतेचा चूडामणी घेऊन परततो. दुष्यंताची मुद्रिका शकुंतलेच्या बोटातून निसटते आणि राजाची स्मृतीच निसटते. कालिदासाने ‘अभिज्ञान’ हा शब्द नाटकाच्या नावातच घातला, हे अर्थपूर्ण आहे. खूण ही सुखद आठवणीची वस्तू नव्हे. ती देणाऱ्यावर बंधन घालणारी वस्तू आहे. अंगठी सापडल्यावर राजाला गतकाळाचा आनंद मिळत नाही, त्याला आपले ऋण आठवते. (शापाच्या योजनेने कालिदासाने राजाला वाचवले की अधिक उघडे पाडले, हा वाद येथे बाजूला ठेवू.)

दुसरा पूर्वज प्रसाद. पंढरपूरहून आलेला वारकरी चुरमुरे, बुक्का, तुळशीची माळ आणतो. ही सर्व खरेदीच आहे. दुकानदाराने भावही लावलेला असतो. पण चुरमुरे घरात राहत नाहीत. ते शेजारीपाजारी वाटले जातात, चिमूटभर का होईना प्रत्येकाच्या हातावर पडले पाहिजेत, आणि न गेलेल्याला गेलेल्याच्या पुण्यात वाटा मिळाला पाहिजे. म्हणजे खूण बांधते आणि प्रसाद वाटला जातो. आधुनिक आठवण-वस्तू ह्यांपैकी काहीच करीत नाही. ती कपाटात राहते.

विदर्भाला ह्याहून जुनी आणि अधिक अवघड अशी एक तिसरी गोष्ट ठाऊक आहे. चक्रधरांनी आपल्या अनुयायांना स्वदेशाचा आणि स्वसंबंधांचा त्याग सांगितला. स्थानाची आसक्ती धरू नये असे शिकवले. आणि त्यांच्याच पंथाने त्यांच्या स्थानांची नोंद ठेवणारी ‘स्थानपोथी’ रचली, त्या स्थानांवर ओटे बांधले, ईश्वरावताराचा स्पर्श झालेल्या जागांचे पाषाणखंड ‘विशेष’ म्हणून जपले. अनासक्ती शिकवणाऱ्याच्या स्पर्शाची आसक्ती, हा पेच सेवाग्रामने प्रथम निर्माण केला नाही. तो सातशे वर्षे जुना आहे. मात्र महानुभावांनी त्या पेचाला एक शिस्त लावली. हा दगड कोणत्या स्थानाचा, तेथे कोणती लीळा घडली, हे पोथीने आणि परंपरेने ठरवून दिलेले असते. जपणाऱ्याला त्यात आपली गोष्ट घालता येत नाही. दगड त्याच्याजवळ असतो, दगडाची कथा त्याच्या मालकीची नसते.

नेमके येथेच आधुनिक वस्तू फुटून निघते. सुझन स्ट्युअर्ट ह्या अमेरिकन समीक्षिकेने ‘ऑन लॉन्गिंग’ ह्या १९८४ च्या ग्रंथात असे दाखवून दिले आहे की आठवणीची वस्तू ही स्वभावतःच अपुरी असते. ती एका अनुभवाचा तुकडा असते आणि तिला पूर्ण करणारे कथन लागते. पण हे कथन वस्तूचे किंवा ती घडवणाऱ्याचे नसते, ते मालकाचे असते. दिवाणखान्यातला छोटा चरखा पाहून पाहुणा विचारतो आणि यजमान ‘आम्ही वर्ध्याला गेलो होतो तेव्हा’ अशी सुरुवात करतो. त्या वाक्याचा कर्ता ‘आम्ही’ आहे. वर्धा क्रियाविशेषण झाले आहे आणि सूत कातणारी बाई वाक्यात कोठेच नाही. चिन्हमीमांसेच्या भाषेत बोलायचे तर चिन्हकाने आपला चिन्हित बदलला आहे: कष्टाच्या साधनाची ही प्रतिमा आता केवळ प्रवास घडल्याचे सूचित करते. शोभेच्या अशा चरख्यावर सूत निघत नाही, ही गोष्ट मग दोष राहत नाही. ती त्या वस्तूची अटच ठरते.

ह्याच तर्काची टोके अधिक मोठ्या रकमांच्या व्यवहारांत दिसतात. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधींचा चष्मा, चपला, घड्याळ, ताट आणि वाटी १८ लाख डॉलरना विकली गेली. घेणारे विजय मल्ल्या हे मद्यउद्योगाचे मालक होते, आणि ह्या योगायोगावर तेव्हा पुरेसे लिहिले गेले. २०११ च्या जूनमध्ये खुद्द सेवाग्रामच्या आश्रमातून गांधींचा चष्मा नाहीसा झाल्याची बातमी आली. लिलावात बोली लावणारा, चष्मा उचलून नेणारा आणि अर्ध्या तासात लहान चरखा घेणारा ह्यांना एका पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. तरीही स्पर्शाची वस्तू आपल्या घरी असावी ही वासना तिघांत समान आहे. प्रवासी तिची प्रतिकृती घेऊन समाधान मानतो, एवढाच त्याचा सभ्यपणा.

आता विकत घेणाऱ्याकडे वळावे लागेल; आणि त्याचा विचार वर्ध्यातच फार काटेकोरपणे झालेला आहे. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याला मगनवाडीत होते आणि त्याचा कारभार जे. सी. कुमारप्पा पाहत. ‘व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?’ ह्या पुस्तकात त्यांनी मांडलेला विचार असा, की वस्तूबरोबर तिच्या घडणीतले सारे नैतिक संबंधही विकत घेतले जातात. कोकोचा पेला पिणारा माणूस पश्चिम आफ्रिकेतल्या मळ्यांवरील सक्तीच्या मजुरीचा वाटेकरी असू शकतो. घडणीची माहिती करून घेणे हे ग्राहकाचे कर्तव्य. आणि माहिती जेथवर पोहोचू शकते तेथवरच खरेदी पोहोचावी. स्वदेशीची ही व्याख्या भूगोलाची नसून ज्ञानाची आहे, आणि आजही तिचे पुरेसे मोल झालेले नाही.

ह्या निकषावर प्रवाशाची खरेदी जवळजवळ व्याख्येनेच नापास होते. तो एकदाच येतो, परत येत नाही, भाव पारखू शकत नाही, घडवणाऱ्याला भेटत नाही. त्याच्या अज्ञानाची भरपाई म्हणून मार्गदर्शक असतो. पण मार्गदर्शक ज्ञान देत नाही, विश्वास देतो. ‘इथे अस्सल मिळेल’ हे त्याचे वाक्य तपासण्याचे साधन प्रवाशाजवळ नाही. कॅरिबियन बेटांवर, जेथे जहाज सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते, तेथे हा प्रकार पूर्णावस्थेला पोहोचला आहे: उतारूंना ठरलेल्या वाटेने ठरलेल्या दुकानांत नेले जाते आणि बेट म्हणजे ती वाट असे समीकरण होते. अँटिग्वाच्या जमैका किनकेड ह्यांनी ‘अ स्मॉल प्लेस’ (१९८८) ह्या पुस्तकात पर्यटकाला थेट संबोधून ह्या समीकरणावर कडवट हल्ला चढवला. त्यांचा सर्वांत झोंबणारा मुद्दा दुकानांविषयी नाही. स्थानिक माणूसही कंटाळलेला असतो, त्यालाही कोठेतरी जावेसे वाटते; पण जाण्याइतके पैसे त्याच्याजवळ नसतात. पर्यटकाला पाहताना त्याला हेवा वाटतो तो ह्या मोकळीकीचा. सूत कातणारीच्या घरात दुसऱ्या गावाहून हौसेने आणलेली वस्तू असते काय, हा प्रश्न आपल्याकडे विचारलाच गेलेला नाही.

चरखा संघाने मात्र एका काळी ग्राहकाच्या अज्ञानावर उपाय करून पाहिला. १९३५ मध्ये संघाने कातणाऱ्यांसाठी जीवनवेतनाचे धोरण स्वीकारले. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत ही गांधींची इच्छा होती. प्रत्यक्षात एवढी मजुरी देणे साधले नाही, पण मजुरी वाढली आणि खादी महागली. ती महाग का झाली हे ग्राहकाने समजून घ्यावे, अशी अपेक्षा होती. पुढे १९४५ च्या सुमारास ह्याहून विलक्षण असा नियम आला: खादीच्या किमतीचा काही भाग पैशात नव्हे, सुतात भरायचा. दुकानात येणाऱ्याने स्वतः कातलेले सूत आणावे. वापरणाऱ्याने कातावे आणि कातणाऱ्याने वापरावे, हे त्यामागचे सूत्र होते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा नियम अव्यवहार्य होता. दुसऱ्याचे सूत आणून भरण्याची पळवाट तर उघडच होती. तरीही खरेदीच्या नीतिशास्त्रात त्याला जोड नाही. वस्तू हाती पडण्यापूर्वी ग्राहकाचे हात कातणारीच्या कामात गुंतले पाहिजेत, म्हणजे तिचे कष्ट त्याला ऐकीव राहणार नाहीत, हा त्याचा आशय. मार्गदर्शक जे तोंडी सांगतो ते ह्या नियमाने बोटांना सांगू पाहिले. ज्याने कधी अर्धा तास तुटणारा धागा जोडला आहे, त्याच्या दिवाणखान्यातल्या वाक्याचा कर्ता बहुधा बदलेल.

ह्या नियमाच्या तुलनेत यात्रा कंपनीचा अर्धा तास फारच केविलवाणा दिसतो; पण त्याचा दोष प्रवाशांवर टाकता येत नाही. त्यांच्यातले कित्येक जण मनापासून आलेले असतात. बापू कुटीच्या जमिनीवर बसताना त्यांना जे वाटते ते खोटे नसते, आणि ते टिकावे म्हणूनच हात वस्तूकडे जातो. गांधींच्या त्याच कुटीत तीन माकडांची एक छोटी मूर्ती आहे. ती चिनी पाहुण्यांनी दिल्याचे सांगितले जाते. जपानमधील निक्कोच्या मंदिरात सतराव्या शतकापासून कोरलेली ही माकडे भेट म्हणून सेवाग्रामला आली, आणि आज देशभर ‘गांधीजींची माकडे’ म्हणून विकली जातात. दुसऱ्याने दिलेली आठवण अपरिग्रही माणसानेही ठेवून घेतली होती, असे कोणी म्हणाल्यास त्याला उत्तर देणे कठीण आहे. फरक एवढाच की ती त्याने घेतलेली नव्हती, त्याला दिलेली होती. आणि ती परत करणे हा देणाऱ्याचा अपमान झाला असता.

पिपरीच्या यजमानाकडे उतरलेला पाहुणा निघण्याच्या आदल्या दिवशी हमखास विचारतो, “वहिनी, इथलं न्यायला काय चांगलं?” ह्या प्रश्नाला वर्ध्याचे ठरलेले उत्तर सेवाग्रामच्या वाटेवर नाही. ते गोरस पाक हे आहे. गोसेवेच्या विचारातून उभ्या राहिलेल्या गोरस भांडाराचा हा गायीच्या तुपातला पदार्थ खोक्यात भरून पुण्याला जातो आणि दोनचार दिवसांत संपतो. त्याला कपाट लागत नाही. तो वाटावा लागतो, कारण एकट्याने खोके संपवणे शोभत नाही. आणि वाटताना ‘वर्ध्याहून वहिनींनी दिला’ असे म्हटले जाते, पैसे पाहुण्याने दिले असले तरीही. व्याकरणाच्या दृष्टीने ह्या वाक्यात कर्ता बदललेला आहे. मात्र गाय राखणारा आणि तूप कढवणारा ह्याही वाक्यात आलेले नाहीत; आणि कुमारप्पांनी त्यांच्याविषयी विचारले असते, तर यजमानालाही मगनवाडीपर्यंत जाऊन चौकशी करावी लागली असती.