तीन पावले जमीन

पाडव्याच्या सकाळी माझी आई अंगणात शेणाचा बळी मांडी, त्याच्यापुढे पणती ठेवी आणि इडापिडा टळून बळीचे राज्य येवो, असे मनोभावे म्हणे. लहानपणी मला याचे मोठे नवल वाटे. वामन म्हणजे साक्षात विष्णू. मग देवानेच ज्याला पाताळात धाडले, त्याचे राज्य परत यावे असे आपण का म्हणावे? एकदा मी तसे विचारलेही. आई म्हणाली, "अरे, मागताना तीन पावलं म्हटलं आणि घेताना पाऊल वाढवलं. तरी बळीनं शब्द पाळला. म्हणून त्याला ओवाळायचं."

लोकांच्या भल्यासाठी एखाद्याची जमीन घेतली जाते, तेव्हा मला आईचे हे उत्तर आठवते. नगरपालिका, महानगरपालिका जमीन मागतात त्यादेखील वामनासारख्याच. नकाशावर नखाएवढा हिरवा ठिपका पडतो आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाचे हात बांधले जातात. आपल्याकडे हे चालते ते १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने. विकास आराखड्यात उद्यान, हरितपट्टा असे काही दाखवले की त्या जमिनीवर आरक्षण पडले. मग ती घेण्याचे मार्ग तीन. मालकाशी बोलणी करून रोख मोबदला द्यावा. किंवा त्याला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकाम करण्याचा आणि विकताही येणारा हक्क द्यावा. नाहीतर सक्तीने भूसंपादन करावे. दहा वर्षांत यातले काहीच झाले नाही, तर त्याच कायद्याचे कलम १२७ मालकाच्या मदतीला येते. त्याने नोटीस द्यावी आणि ठरल्या मुदतीत पालिका हलली नाही, तर आरक्षण उठते. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. २०१५ पासून ती चोवीस महिन्यांची झाली.

हे कलम मला पाठ आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. माझ्या एका मामांची अर्धा एकर जमीन अशीच बागेसाठी राखून ठेवली होती. गाव कोणते, ते सांगत नाही. जमीन विकावी तर गिऱ्हाईक नाही, बांधावे तर परवानगी नाही आणि मोबदल्याचा तर पत्ताच नाही. मुलीचे लग्न मामांनी कर्ज काढून केले. दहा वर्षे सरली तेव्हा माझे अक्षर चांगले म्हणून नोटीस मी लिहिली. सहा महिने आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करीत होतो. मुदत टळली त्या संध्याकाळी घरात पेढे वाटले गेले. मामांवरचा अन्याय दूर झाला, असे तेव्हा मला वाटले आणि आजही वाटते.

तेथे आता चार मजली इमारत आहे. मामेभावाकडे गेलो की खालची मुले स्कूटर आणि रिक्षा चुकवीत रस्त्यावर क्रिकेट खेळताना दिसतात. त्या सहा महिन्यांत त्यांच्या वतीने कोणी एक ओळही लिहिली नव्हती. लिहिणार तरी कोण? त्यांतली बहुतेक तेव्हा जन्मलीच नव्हती. जो कचेरीत येऊ शकत नाही त्याच्या वतीने बोलायचे, हेच तर पालिकेचे काम! तिजोरीत पैसा नसताना नकाशावर रंग भरून मोकळे व्हायचे, यात मामांचाही घात झाला आणि मुलांचाही. अमेरिकेतल्या बोल्डर या डोंगराच्या पायथ्याच्या शहराने १९६७ साली मतदान करून स्वतःवरच विक्रीकर बसवून घेतला, आणि त्या पैशातून भोवतालची मोकळी जमीन विकत घेत गेले. डोंगर आपल्याला हवा, तर त्याची किंमत एकट्या मालकाने का भरावी, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

पण जमीन घेऊन झाली म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. आपल्या नाशिकचेच पाहा. कपिला आणि गोदावरीच्या संगमाजवळच्या तपोवनात सिंहस्थासाठी साधुग्राम वसते. सिंहस्थ येतो बारा वर्षांनी. साधू मुक्काम हलवून जातात आणि पालिकेच्या ताब्यातली ती जमीन पुढला सिंहस्थ येईपर्यंत उरते. या मधल्या वर्षांत तेथे झाडे वाढली. काही लावलेली, काही आपोआप आलेली. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमारे १,८०० झाडांचा प्रश्न उभा राहिला. नाशिककर रस्त्यावर आले आणि प्रकरण हरित लवाद व उच्च न्यायालयापर्यंत गेले.

जमीन ज्या कामासाठी राखली त्या कामासाठी ती वापरावी, यात गैर काय, असे कोणी म्हणेल. साधूंचा हक्क मी नाकारीत नाही. परंतु "जमीन आमची आहे" हे वाक्य पालिकेच्या तोंडी आले की माझे कान टवकारतात. मामांच्या तोंडी ते शोभत होते. ज्या संस्थेने लोकांच्या नावाने जमीन घेतली, तिच्या तोंडी ते शोभत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, बंगळूरमधली उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देता येणार नाही, असा निकाल दिला. १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की निसर्गसंपत्तीच्या बाबतीत सरकार मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव वापरताना दहादा विचार करावा लागतो. तंबू झाडांमध्ये बसतील का, वाट वळवता येईल का, हे त्याने आधी पाहायचे असते. एक तोडून दहा लावू, हा हिशेब कागदावर जमतो. पण आज लावलेल्या रोपाखाली उद्याच्या उन्हात कोणी वाटसरू बसत नाही.

बळीच्या गोष्टीचा शेवट आईने मला नंतर केव्हातरी सांगितला. सर्वस्व घेतल्यावर विष्णू वैकुंठाला निघून गेला नाही. तो बळीच्या दाराशी द्वारपाल होऊन उभा राहिला. घेणाऱ्याने राखणदार व्हावे, ही अट देवालाही चुकली नाही. पालिकेला जमीन घेण्याचा अधिकार असावा, असे मी म्हणतो ते याच अटीवर: ज्याची घेतली त्याला वेळेवर पुरते मोल द्यावे, आणि मग दारापासून हलू नये.

मामा आता नाहीत. यंदा पाडव्याला बळीपुढे पणती लावताना मला त्यांची आठवण येईल. रस्त्यावर खेळणाऱ्या त्या मुलांचीही येईल, आणि आपण लिहिलेल्या त्या वळणदार अक्षरातल्या नोटिशीचीही.