हरल्यानंतरचा सेनापती

सेनापतीचे मोठेपण मोजायला हल्ली एकच पट्टी चालते: तो किती लढाया जिंकला. नागापूरच्या एमआयडीसीतली चहाची टपरी असो की पुण्यातला परिसंवाद, सातव्या शतकातला अरब सेनापती खालिद इब्न अल-वलीद याचे नाव निघाले की 'अजिंक्य' हे विशेषण आलेच. मग नगरकरांचा, म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर त्याच्या शेजारी नेऊन बसवतात आणि त्यालाही तीच झूल चढवतात. अंबर परका, त्याचे कौतुक कशाला, असे विचारणाऱ्यांशी वाद घालण्यात मला रस नाही. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी दख्खनसाठी झिजला, एवढे उत्तर पुरे. गनिमी कावा त्यानेच शोधला, हा दावाही बाजूला ठेवू. मला खुपते ते हे अजिंक्यपण.

त्याच्या पुराव्यादाखल भातवडीची लढाई पुढे केली जाते. 1624 साल. मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. अंबरने तलावाचा बांध फोडून त्यांच्या तळावर चिखल केला, रात्रीच्या छाप्यांनी त्यांना जेरीस आणले आणि मगच गाठले. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. लढाई देखणी, यात शंका नाही. पण 1616 मध्ये जालन्याजवळ रोशनगावला हाच अंबर सपशेल हरला होता. त्याचे काही मातब्बर सरदार लढाईआधीच मोगलांना मिळाले होते. त्याने वसवलेली खडकी शत्रूने उद्ध्वस्त केली. पुढे मोगल शहाजादा खुर्रमशी दोनदा, मुलूख सोडून, तह करावा लागला. अंबरला अजिंक्य ठरवायचे तर ही सगळी वर्षे झाकावी लागतात, आणि ती झाकली की भातवडीची नुसती युक्ती होते. बांध फोडणे सुचेल कुणालाही. आठ वर्षांपूर्वी धुळीला मिळालेल्या माणसाच्या शब्दावर पुन्हा फौज का उभी राहिली, हा प्रश्न मात्र विचारलाच जात नाही.

खुद्द खालिदच्या बाबतीतही ही पट्टी तोकडी पडते. 629 मध्ये मुता येथे एकापाठोपाठ तीन सेनापती पडल्यावर निशाण त्याच्या हाती आले, आणि त्याने सैन्य मागे आणले. मदिनेत काहींनी परतलेल्यांना पळपुटे म्हणून हिणवले, असे परंपरा सांगते. यर्मूकच्या विजयात त्याचा पराक्रम दिसतो, मान्य. नेतृत्व मला मुताला अधिक दिसते.

पराक्रम आणि नेतृत्व यांतला हा फरक मी कदाचित जरा ताणतही असेन. अंबरपाशी फौज परतली त्यामागे जमिनीची पाहणी करून, पीक बघून बांधलेला सारा होता, रयत टिकली म्हणून पगारही होता. तरीही सगळे श्रेय वसुलीला देता येत नाही. भातवडीला निजामशाही सोडून गेलेले लखुजी जाधवराव मोगलांच्या बाजूने उभे होते; कोण सोडून जाईल याचा हिशेब धरूनच अंबर लढत होता. तो 1626 मध्ये वारला. वसुलीची घडी तीच होती, दौलताबादचा किल्लाही होता. पण निजामशाहीत परतलेल्या लखुजींना 1629 मध्ये भर दरबारात मुलांसह कापून काढले गेले, आणि शहाजीराजे मोगलांकडे निघून गेले.