आचार आधी की अर्थ?

जपानात भाषा व संस्कृती शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याला अर्थाआधी आचार भेटतो. अक्षराची कोणती रेघ प्रथम ओढावी, चहाचे पात्र तोंडाला लावण्यापूर्वी कसे फिरवावे, हे सारे 'काता' म्हणून, म्हणजे ठरलेल्या घडणीने, गुरूचे पाहून गिरवावयाचे असते, कारणमीमांसा मागाहून. अर्थ उमगल्यावाचून केलेली कृती जड होय, असे मानणाऱ्या बुद्धीला हा शिरस्ता उफराटा वाटावा यात नवल नाही.

आपल्याकडे हा वाद पुरातन आहे. मंत्र निरर्थक आहेत, हा कौत्साचा पूर्वपक्ष खोडून काढणाऱ्या यास्काने निरुक्त या वैदिक शब्दार्थाच्या ग्रंथात अर्थ न जाणता वेद घोकणाऱ्याची गणना भारवाह्यांत केली. परंतु इ.स. ८०४ मध्ये स्वतःच विद्यार्थी म्हणून चीनला गेलेल्या आणि छांगआन येथे प्रज्ञ या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकलेल्या कूकाई या जपानी भिक्षूने निराळा सिद्धांत मांडला: ध्वनी, अक्षर आणि परमसत्य ही परस्परांहून भिन्न नव्हेत. म्हणूनच त्याने स्थापिलेल्या कोयासान पर्वतावरील मठांत संस्कृत मंत्र जपानी उच्चारांनी आजही म्हटले जातात, आणि व्युत्पत्ती ठाऊक नसलेल्या भाविकाला त्यांत काही उणे भासत नाही.

तथापि केवळ आचारावर विसंबणाऱ्याची फसगत कशी होते, याचा दाखला ऑयगेन हेरिगेल या जर्मन तत्त्वज्ञाचा आहे. १९२४ ते १९२९ या काळात सेंदाई येथे अध्यापन करीत असता तो आवा केन्झो यांच्याकडे दुभाष्याच्या साहाय्याने धनुर्विद्या शिकला आणि १९४८ च्या आपल्या ग्रंथात त्याने तिला झेनसाधना ठरविले. वास्तविक आवा यांनी झेनची दीक्षा घेतलेली नव्हती, हे पुढे यामादा शोजी या संशोधकाने दाखवून दिले. हेरिगेलचे परिश्रम खोटे नव्हते. पण गूढवादाची ओढ घेऊन आलेल्या त्या पंडिताला गुरूला त्याच्याच भाषेत प्रतिप्रश्न करता येत नसल्यामुळे, आचारात राहिलेली अर्थाची पोकळी त्याच्या स्वतःच्या अपेक्षेने भरून काढली.

माझ्या मते कूकाई आणि यास्क यांच्यात येथे तडजोड संभवते. आचार हा अर्थाचा पर्याय नसून अर्थ विचारण्याचा अधिकार होय, आणि तो अंगी बाणेपर्यंत निमूटपणे गिरवण्यात बुद्धीचा अवमान नाही. मात्र अधिकार लाभल्यावरही जो विचारीत नाही, त्याला यास्काचा आक्षेप पुरता लागू पडतो. परदेशात भाषा शिकण्याचे धार्मिक प्रयोजन मला यातच दिसते: दुसऱ्याच्या श्रद्धेला आपल्या मनचा अर्थ चिकटविण्यापूर्वी तो त्यालाच विचारता यावा.